पऱ्हाटीच्या जाळावरचा टोफू

ज्या माणसानं मला दारातून हाकललं होतं, तो गुरुवारी गेला.
आणि त्याच्या अंगणात सगळ्यात मोठ्यानं मी रडलो.

काकाजी. आंजी गावचे. प्रणालीचे बाबा.

प्रणाली कोण, ते फ्रेंडलिस्टमधल्या अर्ध्या लोकांना माहीत आहे. उरलेल्यांना आज कळलं. लपवायचं काहीच नाही.

दोन वर्षांपूर्वी एकटाच बाइकवर त्यांच्या घरी गेलो होतो. मागणी घालायला. घरच्यांना न सांगता.

काकाजींनी विचारलं, काय करतोस. मी खरं सांगितलं. सरांशी भांडलो, सेकंड इयरला कॉलेज सोडलं, वर्ध्यात चायनीजच्या गाडीवर कढई हलवतो. ते शिक्षणावर दोन शब्द बोलले, मी आवाज चढवला. चहा तसाच राहिला.

"निंघ."

एवढंच म्हणाले. निघालो.

गेल्या हिवाळ्यात त्यांची बायपास झाली. डॉक्टरांनी मटण बंद केलं, तेल-मीठ कमी केलं, आणि टोफू खा म्हणून सांगितलं. म्हणजे सोयाबीनचं पनीर. जन्मभर सोयाबीन पिकवणारा माणूस. म्हणाले, ही विकाची चीज आहे, खायाची नाई.

काकूनं टोफूचा रस्सा केला. ताट सरकवलं.
दुसऱ्या दिवशी किसून झुणका केला. परत सरकवलं.

माणूस अर्ध्या भाकरीवर आला. प्रणालीनं फोनवर रडत सांगितलं, बाबा जेवतच नाहीत.

ती रडली की माझं डोकं चालत नाही. हात चालतात.

रविवारी सकाळी टोफू, बीन्स, गाजर, शिमला मिरची, पत्ताकोबी घेतली आणि थेट आंजी. काकाजी बाजेवर बसले होते. मी म्हटलं, हाकलायचं असेल तर जेवल्यावर हाकला.

त्यांनी तोंड फिरवलं. मी ते हो धरलं.

कॉन्फिडन्स फुल होता. पण गाडीवर भडकती भट्टी असते आणि घरी मंद गॅस, हे विसरलो. त्यात काकूनं शेजारच्या दोन घरी सांगून ठेवलेलं, पोरगा रांधून राह्यला, जेवाले या. एवढी माणसं म्हणून मी चिरलेल्या सगळ्या भाज्या एकदमच कढईत ओतल्या.

पाणी सुटलं. टोफू तरंगायला लागला. काकूला वाटलं रस्सा जमून आला. तिनं प्रेमानं वरून दोन चमचे काळा मसाला सोडला.

काकाजींनी कढईत डोकावून पाहिलं.

"हे काय आहे बे? कोबी पोहाले सोडली का?"

शेजारी हसले. माझं टाळकं सटकलं. गॅस बंद केला, बाइकची चावी उचलली. दाराशी पोचलो तेव्हा मागून शांत आवाज आला.

"कालेजबी असंच सोडलं असन. अर्ध्यात."

आयुष्यात पहिल्यांदा मी उलटं उत्तर दिलं नाही.

चावी खाली ठेवली.

थोडा टोफू आणि न चिरलेल्या थोड्या भाज्या उरल्या होत्या. टोफू कापडात गुंडाळून वर वरवंटा ठेवला, पाणी निथळू दिलं. मग म्हटलं, काकाजी, मले मोठा जाळ पाह्यजे.

ते उठले.

मागच्या छपरीत चूल होती, बाजूला पऱ्हाट्यांचा ढीग. कापूस वेचून झाला की उपटून आणलेली वाळकी झाडं. लागली की नुसता भडका. काकू ओरडत होती, धूर लागन तुमाले. ते वाऱ्याकडे पाठ करून बसले आणि एकेक काडी मोडून आत सारू लागले.

आधी टोफू, सोनेरी होईपर्यंत. काढून ठेवला. मग लसूण, अद्रक, हिरवी मिरची. मग भाज्या, मूठ मूठ. गाजर-बीन्स आधी, कोबी शेवटी. सोयासॉस अगदी थोडा. त्यातच मीठ असतं, म्हणून वरून मीठ नाही.

मी "जाळ" म्हटलं की ते काडी सारायचे. "बस" म्हटलं की मागे ओढायचे. पाच-सात मिनिटांचं काम. एकमेकांशी एवढं नीट आम्ही कधीच बोललो नव्हतो.

भाजी कुरकुरीत. टोफूत धुराचा वास उतरलेला.

काकाजी दोन भाकरी जेवले. काकू पदरानं डोळे पुसत म्हणाली, धूर लई झाला. तेव्हा चूल विझली होती.

काकाजी एवढंच म्हणाले, मीठ कमी आहे.

पुढच्या शनिवारी फोन त्यांचाच. "पऱ्हाटी काढून ठेवली. येजो."

मग दर रविवार तसाच. मी परतायचो, ते जाळ घालायचे. प्रणालीचा विषय दोघंही काढत नव्हतो. गेल्या रविवारी मीच काढला. जाळाकडे पाहत ते म्हणाले, "पाहू."

गुरुवारी सकाळी उठलेच नाहीत.

सगळं आटोपून घाटावरून परत आलो. घरात मयत झाली की चूल पेटत नाही, पहिला कडू घास सोयऱ्यांच्या घरून येतो. तो कुणी आणायचा, हा विषय अंगणात निघाला. प्रणालीचे मामा म्हणाले, आमच्याकडून आणतो.

मी मागे भिंतीला टेकून उभा. बोलायचा हक्क काय माझा? रविवारचा आचारी मी.

काकू दाराशी बसली होती. ती म्हणाली, "पिपरी मेघेहून येऊ द्या. ह्याच्या घरून."

मामा म्हणाले, बाई, ते कुठं आपले सोयरे आहेत.

"आहेत. त्याईनं मले कवाच सांगतलं. पोराले आताच सांगू नको म्हणे, लगेच हवेत जाईन."

मी तिथंच खाली बसलो.

संध्याकाळी माझी आई डबा घेऊन आली. बिनफोडणीचं वरण आणि भात. पहिला घास तिनं काकूच्या तोंडाशी नेला. दुसरा प्रणालीच्या.

काकाजी, तुमचं उत्तर पोचलं.
घराची काळजी सोडा. मी आहे.

जावयाचा नमस्कार घ्या.