नसीमताईंचा डबा

मंडईजवळच्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. आज दुपारी मी काय दिवे लावले ते ऐका.

नसीमताई ब्लाउज शिवतात. सहा महिने जेवणाची वही नेमाने लिहून आणतात, तरी वजन वाढतंय आणि साखरही. आज माझं डोकं फिरलं. बाहेर बाकांवर पेशंट बसले होते, त्यांच्यासमोरच मी नसीमताईंना म्हणाले, "अहो, अर्धी भाकरी खाऊन वजन वाढतं होय? कुणाला शेंडी लावताय? उघडा तो डबा!"

लोक हसले. नसीमताईंनी डबा उघडला. आत अर्धी भाकरी आणि दोडक्याची भाजी होती, वहीत लिहिल्याप्रमाणेच.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी एकच विचारलं, "औषधं काय घेता?" दाढ दुखली की नसीमताई मेडिकलमधून अँटिबायोटिक आणत होत्या, वर्षभर.

डॉक्टर मला म्हणाले, "त्याने पोटातले चांगले जंतू मरतात. मग प्रतिकारशक्ती बिथरते, अंगात बारीक सूज राहते, इन्सुलिन नीट काम करत नाही. हेही कारण असू शकतं. कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं.

नसीमताईंना केबिनमध्ये नेऊन, दार लावून मी माफी मागितली.

त्या म्हणाल्या, "मॅडम, हेच बाहेर येऊन म्हणाल?"

बाहेर तेच लोक बसले होते. मी बेल वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

तुम्ही गेला असतात बाहेर?