मालीशवालीच्या घरचा रिकामा पाट

पोळ्यापासून माहा उजवा खांदा आखडला होता. हात कानापर्यंत बी जाये ना. झंपर घालाचं म्हनलं का घाम फुटे. नागपूरची पोरगी कुंदा फोनवर म्हने, "आई, तुह्यानं एकटीनं होत नाही आता. घराले कुलूप लाव न् माह्याकडं ये."

माहे मालक वारले तवापासून कोंढा गावच्या घरात मी एकटीच राहातो, आनि मले तिथंच राहाचं हाये. कुंदाच्या दोन खोल्यांत मी कोनाची थट्टा करू? जावई तर हासाच्या आधी बायकोकडं पाहाते. म्हनून कुंदा न्याले येयाच्या आधी हात उघडलाच पायजे होता. गावातल्या बायांनी लाखांदूरकडच्या एका मालीशवालीचं नाव घेतलं.

तुमी जाऊन राहिल्या असान तर आधी एक्स-रे काढा. हाड मोडलं असन तर मालीश नोको. माहं हाड बरं होतं.

सकाळच्या एष्टीनं पवनी, तिथून लाखांदूर. बायांले अर्धं तिकीट. मी कंडक्टरले म्हनलं, "बापू, माहा एक हात बंद हाये, आनखी अर्धं कर ना."

"मावशी, तोंड तं पुरं चालू हाये. त्याचं जादा लागन!"

पुरी बस हासली. लाखांदूरले तर्रीसंग आलूबोंडा खाल्ला, ते चुकलं. मालीशले पोट हलकं पायजे.

मंग ऑटो केला. धान कापून बांध्या उघड्या पडल्या होत्या. गावाच्या बोडीच्या, लहान्या तळ्याच्या काठाले ऑटोवाल्यानं गाडी बंदच केली.

"काहून रे, घरापर्यंत नाही नेत?"

"नाही मावशी. तिथं गाडीचा आवाज चालत नाही."

बोडीत पानी भरपूर, पन एक बगळा नाही. माह्याच चपलांचा आवाज मले मोठा वाटे.

मालीशवाली यमुनाबाई माह्याच वयाची. दारातच म्हने, "नाव नोको सांगू. कुठं दुखते तेवढं सांग." भर दुपारी खोलीत अंधार. एक पाट तिचा, एक माहा, आनि तिसरा माह्या मागं भिंतीजवळ, रिकामा. त्याच्यापुढं कोमट तेलाची वाटी.

"हा कोनाचा वो?"

"सासूचा. तिनंच शिकवलं मले."

"कुठं गेली बुढी?"

"वारली. पाट उचलला नाही."

जुनं लुगडं नेसून जाजा, मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल कपड्यातून निंघत नाही. तिनं पहिले बोटभर तेल त्या पाटाले लावलं, मंग मले. पहिले नुसते तळहात फिरते, बरं वाटते, झोप येते. मंग अंगठा पाठीच्या पात्याखालून सरकते, तांदळात खडा शोधावं तसा. खडा सापडला का डोळ्यातून पानी. दम धरू नोका, सोडा. लयच दुखलं तं सांगा, ती थांबते.

मंग तिनं एका हातानं माहं मनगट धरलं, एकानं कोपर. तिचे दोनी हात माह्या डोळ्यापुढं, हिरव्या बांगड्यांसकट. आनि त्याच वेळी मागून माह्या पाठीवर एक तळहात टेकला. सुका, हाडकुळा, बांगडी नसलेला.

"यमुनाबाई, तुले हात किती वो?" थट्टाच करत होती मी.

ती डोळे मिटूनच म्हने, "मोजू नोको."

मागचा अंगठा बरोबर गाठीवर बसला. आतून काहीतरी सुटलं आनि माहा हात आपोआप डोक्याच्या वर गेला. मी वळून पायलं. पाट रिकामा. वाटीतलं तेल मात्र हालत होतं.

यमुनाबाई पैशे घेत नाही, तेल नेजा. निंघताना म्हने, "आज आंघोळ नोको. घरी कोन हाये?"

"कोनी नाही."

तिनं सासूच्या पाटाकडं पायलं. "मंग येईन ती तुह्यासंग. भेवू नोको. हात पक्का होयेवरी राहाते, मी बलावलं का वापस येते."

परतीच्या बसमधी बाजूची सीट खालीच रायली. बाया उभ्या होत्या, पन कोनी बसलं नाही.

कुंदाले मी व्हिडिओवर हात वर करून दाखवला, पार छपराकडं. पोरगी म्हने, "बरं. राहा तिथंच. पन एकटी राहशीन ना नीट?"

मी हो म्हनलं.

दिवा लावाच्या वक्ती खांद्यावर तो सुका तळहात येते. पहिल्या दिशी माहे दात वाजले. आता मी म्हनतो, "बुढे, दाब जोरानं, खाल्लं नाही का काही?" आनि अंगठा खरंच जोरानं दबते.

हात आता पक्का हाये, विहिरीचं पानी बी वढतो. यमुनाबाईनं म्हनलं होतं, बरं वाटलं का कळवजो. मी अजून कळवलं नाही.