रेणूंनी जपलेली दिशा

काल दुपारी प्रयोगशाळेत आमच्या सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पडद्यावरच्या आलेखाकडे पाहिलं.

हायड्रोजनचे सुटे अणू भिंतीवर आदळले की जोडीजोडीने त्यांचे रेणू होतात. त्याआधी आम्ही अणूंच्या केंद्रकांची फिरकी, म्हणजे स्पिन, एका दिशेला वळवून घेतलेली असते. जोडी जुळताना ती दिशा पार विस्कटते, असं सर आयुष्यभर शिकवत आले. मीही ते त्यांच्याकडूनच शिकले. पण या वेळी मी भिंतीला वेगळा लेप दिला, चुंबकीय क्षेत्र वाढवलं, आणि रेणूंमध्येही बरीचशी दिशा शिल्लक दिसली.

"पुन्हा मोज," सर म्हणाले.

मी तीनदा मोजलं. उत्तर तेच आलं.

मला धाकधूक वाटत होती. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार. नेमकं आताच हे त्यांना दाखवायला हवं होतं का?

चूक कबूल करताना माणूस लहान दिसतो, असा माझा समज होता. सर मात्र हलके झाल्यासारखे दिसले. त्यांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढली.

"मी चुकत होतो गं," ते म्हणाले. "आता हे मला पहिल्यापासून समजावून सांग."