राखेवरचा परीट

होटगी जंक्शनवरच्या आमच्या क्वार्टरला एकच खिडकी होती आणि ती राखेवर उघडायची. इंजिनं समोर थांबून पोटातली राख खाली करायची आणि त्या ढिगातून बायका अर्धवट जळलेले कोळसे वेचत बसायच्या. धुतलेला कपडा वाळेपर्यंत काळा व्हायचा. मला त्या खिडकीचा रागच होता. पण एका भादव्यात आईने तिच्यावर गोणपाट ठोकलं, तेव्हा मी खिडकीच्या बाजूने भांडले.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत सांधेवाले होते. गाड्यांसाठी रूळ बदलायचे. त्यांच्या पोटात पाणी झालं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी ते काढून बघितलं आणि मग घरी न्या म्हणाले. घरी न्या म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळलं होतं. मी तेव्हा शटलने सोलापूरला कॉलेजात जात होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

आईचं माहेर दुधनीचं. तिचे वडील गावाला पंचांग सांगायचे. त्यांच्याकडून ती एक गोष्ट घेऊन आली होती. गणपती गेले की परीट येतो, लांबून, उत्तरेकडून. शेपटी सारखी वरखाली आपटत चालणारा पांढरा-काळा पक्षी तो. सालातला पहिला परीट पाण्यावर किंवा गाईच्या पाठीवर दिसला तर वर्ष सुखाचं. राखेवर दिसला तर बघणाऱ्याचं काही खरं नाही. आणि आमच्या खिडकीसमोर राखेशिवाय होतं काय?

"आई, उकडून मरतील आबा," मी म्हणाले.

"मरतील म्हनू नगंस. तळ्यावर न्हेऊ त्यास्नी. तितं पाण्यावरच बसतंय ते. तवर गोणपाट काडायचं न्हाय."

"पाखराला काय कळतंय गं, कोण आजारी आहे ते?"

"बेडा!" ती कानडीत म्हणाली. चिडली की तिची मराठी संपायची. बेडा म्हणजे नको. त्यापुढे वाद नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझी आई तर पाखराच्या शेपटीला लटकली होती.

तळ्यावर न्यायचं तर बैलगाडी हवी, आणि आबांना गाडीत बसता आलं पाहिजे. कधी ताप, कधी चिखल, कधी बैल दुसऱ्याच्या रानात. दिवस जात राहिले. खिडकी उघडा, असं आबा सुरुवातीला म्हणाले, मग म्हणायचं सोडलं. त्या अंधारात गोणपाटाकडे तोंड करून पडून राहायचे आणि शिट्टीवरून कुठली गाडी आली ते सांगायचे. मला आईचा इतका राग यायचा की जेवताना मी तिच्याशी बोलत नसे.

शेवटी ओळखीच्या एका शेतकऱ्याने गाडी दिली. वाटेत परीट कुठंही बसलेला असेल म्हणून आईने आबांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि स्वतः मान खाली घालून गाडीमागून चालली. डोळे बांधलेला, पोट फुगलेला माणूस गाडीत आडवा. रस्त्यावरच्या बाया थांबून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तळ्याकाठी शेवाळलेल्या ओल्या दगडावर दोन परीट नाचत होते. आईने टॉवेल सोडला.

"बगा. दिसला?"

आबा उन्हाने डोळे चोळत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दिसला की."

आईने तिथंच चिखलात गुडघे टेकून तळ्याला हात जोडले. परतताना ती गाडीवानाशी हसून बोलली.

दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन गोणपाट काढलं आणि पाण्याला गेली. आबांनी मला जवळ बोलावलं.

"म्या आदीच बगितला हुता," ते म्हणाले. "गोणपाटाला खालच्या अंगाला भोक हुतं की. राकंवर नाचत हुता, लई ब्येस. रोज यायचा. त्येच्यावरच दिस निगालं माजं."

"मग एवढे हाल करून तळ्यावर कशाला आलात?"

"तुज्या आयसाटी. तिला सांगू नगंस. भोक कसं ऱ्हायलं म्हनून जलमभर सोताला खाईल."

दसऱ्याच्या आधीच आबा गेले.

क्वार्टर सोडून आम्ही मायलेकी सोलापुरात एका खोलीत आलो. आई रडली नाही, विचारत राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, मला विचारायची, "पाण्यावरच हुता की. तू बी बगितलंस न्हवं? मग आसं कसं झालं?" उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते दिलं असतं तर तिच्या वडिलांचं शास्त्र खरं ठरलं असतं आणि ती कायमची गुन्हेगार. असलं सगळं खोटंच असतं, एवढंच मी म्हणायचे. तिला ते पटायचं नाही. एका खोलीत दोघी, आणि दोघींना एकमेकींचा जीव जड झाला होता.

पुढच्या भादव्यात खोलीमागच्या गटाराकाठी परीट उतरला. मी घाईने दार लोटायला गेले. आईने मात्र त्याच्याकडे सरळ बघितलं, नजर हटवली नाही. मग म्हणाली, "खरं सांग. त्या दिशी त्यास्नी दिसलाच नसंल न्हवं? म्याच अंदारात ठिवलं. उनात डोळं उगडंनात त्यांचं. माजं मन मोडू नये म्हनून 'दिसला' म्हनलं."

वर्षभर ती हे मनात घेऊन बसली होती आणि मला वाटत होतं, ती परटाचा हिशेब मांडतेय.

"दिसला होता, आई," मी म्हणाले. "आबांनीच सांगितलं मला. छान नाचत होता म्हणाले. बघून बरं वाटायचं म्हणाले."

"त्येंनी सांगितलं? सोता?"

"हो."

कुठं, ते तिने विचारलं नाही. दारातच खाली बसली आणि गळा काढून रडली.