वाल शिजवायचा सोडा

बोर्ली पंचतनच्या नव्या वसाहतीत राहायला आल्यापासून इंदूबाईचे वाल शिजेनासे झाले. नळाला बोअरचं पाणी यायचं, जड आणि मचूळ. गावच्या विहिरीच्या पाण्यात सहज मऊ होणारे वाल इथे तासभर रटरटूनही दाताखाली कचकचत. शेवटी तिने चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहिला. वाल लोण्यासारखे झाले. मग सोडा डाळीत गेला, भाजीतही जाऊ लागला.

तिच्या नवऱ्याला, बुधाजीला, डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. त्याचं हृदय थकलं होतं, पाय सुजत होते. इंदूबाईने मिठाचा डबा माळ्यावर टाकला. तरी सूज वाढतच चालली.

“चोरून मीठ खाता काय तुम्ही?” ती रोज विचारी.

“तुझ्या पहाऱ्यात? हिंमत हाय का माझी!”

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जेवणातलं एकेक विचारलं. सोडा ऐकताच त्या थांबल्या. “मावशी, मिठातलं जे अंगात पाणी साठवतं, तेच सोड्यातही असतं.”

घरी येऊन तिने सोड्याविना वाल शिजवले. बुधाजी बराच वेळ चावत राहिला. “मीठ न्हाय, सोडा न्हाय. उद्यापासून खडीच वाढ.”

तिला हसू आलं नाही. आपल्याच हातून किती सोडा त्याच्या पोटात गेला असेल, याचा अंदाज करायचीही तिला भीती वाटत होती. जेवण झाल्यावर तिने त्याचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला. तो भरून यायची वाट बघत ती बसून राहिली.