आबांना घेऊन लक्षद्वीपला

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बारामतीला एका बँकेत कारकून होते आणि नवरा तिथल्याच कॉलेजात शिकवायचा. आमच्या दोन मुली शाळेत होत्या. बँकेकडून दर काही वर्षांनी कुटुंबासह प्रवासाची सवलत मिळायची. त्या वेळी आम्ही दिवाळीच्या सुट्टीत लक्षद्वीपची सहल ठरवली. कोचीनला जहाजात बसायचं, राहणं-जेवण जहाजावरच, आणि रोज सकाळी एकेका बेटावर उतरून संध्याकाळी परत यायचं. लहान मुलं, म्हातारी माणसं, घरंच्या घरं जातात, असं बँकेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. माझे वडील, म्हणजे आबा, शेळगावला माझ्या भावाकडे असायचे आणि आई गेल्यापासून फारसे बोलत नव्हते. त्यांना बरोबर न्यावं ही कल्पना माझ्या नवऱ्याची. मला ती सुचली नव्हती.

खरं सांगायचं तर मला आबांची सवयच नव्हती. आमच्या घरी मेंढरं होती. दिवाळी झाली की आबा आणि त्यांचा चुलतभाऊ कळप घेऊन घाट उतरायचे आणि कोकणात मुक्काम करत करत समुद्रापर्यंत जायचे. पावसाच्या तोंडावर परत. आई आम्हा भावंडांपायी गावी राहायची. म्हणजे माझ्या शाळेचं वर्ष बहुतेक आबांशिवायच जायचं. परत येण्याचे दिवस आले की गावातले बाकीचे कळप एकेक करून यायचे. शेजारच्या मुली कोकणातले काजू खिशात घालून हिंडायच्या. आमचा कळप दर वर्षी सगळ्यांच्या मागून यायचा, कधी आठवडाभरानं, कधी त्याहून उशिरा. आई ओट्यावर उभी राहायची. एकदा एक बाई तिला म्हणाली, तुझ्या माणसाला घराची ओढ न्हाय बग. मी जवळच होते. मला ते पटलं आणि पटलेलंच राहिलं.

पुढे कालव्याचं पाणी आमच्या रानापर्यंत आलं, ऊस लागला, मेंढरं विकली. आबा कायमचे घरी राहू लागले तेव्हा मी इंदापूरला वसतिगृहात होते. मग नोकरी, लग्न. एका छपराखाली आम्ही दोघं सलग राहिलो असं फार झालंच नाही.

मी शेळगावला जाऊन त्यांना विचारलं तेव्हा ते गोठ्यात होते. पाण्यात जाऊन करायचं काय, असं त्यांनी विचारलं. नुसतं बसायचं, बघायचं, असं मी सांगितलं. बसायला काय, हितं बी बसतोय की, असं म्हणून ते म्हशीला पेंड घालत राहिले. मी अजून एकदाच म्हटलं, "आबा, चला की." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं. येतो."

इतक्या लवकर हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. भावजयीनं त्यांना नवं धोतर आणि दोन सदरे शिवून दिले, आणि शेंगदाण्याची चटणी, भाकऱ्या, दशम्या असं एक गाठोडं बांधून दिलं.

कोचीनच्या धक्क्यावर जहाज बघून आबा बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले की ही तर इमारतच दिसतीया. वर चढल्यावर सगळ्यांना नारिंगी जाकिटं दिली आणि ती कशी घालायची ते दाखवलं. सराव संपला, बाकीच्यांनी जाकिटं काढून ठेवली, आबांनी मात्र आपलं अंगातच ठेवलं. जेवायलाही ते तसेच आले. धाकटी नात हसू लागली तसे मीही हसले. त्यांना थंडी वाजत असेल असं मी धरून चालले.

जहाजावर खरंच सगळी कुटुंबंच होती. गुजराती, बंगाली, पुण्याची दोन घरं. वरच्या डेकवर गाणी लागायची, हाउजी चालायची. थोरली आकडे ऐकून आबांच्या चिठ्ठीवर खुणा करायची आणि आबा ती चिठ्ठी दोन्ही हातांत धरून बसायचे. त्यांना खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून दिवसभर ते डेकवरच हिंडायचे. या टोकाकडून त्या टोकाकडं. खलाशी त्यांना ओळखायला लागले.

पहिलं बेट अजून यायचं होतं, तोच दुसऱ्या दिवशी दुपारी हवा बदलली. जहाज डोलायला लागलं आणि आबा सोडून आम्ही चौघंही आडवी झालो. आधी धाकटी, मग नवरा, मग थोरली आणि मी. मला उठून बसताही येईना. आबांना काहीच झालं नव्हतं. ते खोलीत आले, दारापाशी जरा थांबले आणि मग कामाला लागले. मुलींची तोंडं पुसली, पिशव्या बदलल्या, जावयाच्या डोक्याखाली उशी सारली. स्वयंपाकघरात जाऊन हातवारे करून त्यांनी लिंबं आणि मीठ मिळवलं. तिथला मल्याळी वाढपी त्यांच्यामागोमाग पाण्याचा जग घेऊन आला.

मला ओकारी आली तेव्हा आबांनी एका हातानं माझं कपाळ धरलं. हात खरखरीत आणि गार होता. मी चाळिशीच्या घरातली बाई, पण आबांचा हात कपाळावर असल्याचं मला त्याआधीचं आठवेना. लिंबाची फोड माझ्या ओठांना लावली आणि म्हणाले, "चोख." मग खालीच, दोन पलंगांच्या मधल्या जागेत, पाय पोटाशी घेऊन बसले. अंगात ते जाकीट होतंच.

सकाळी समुद्र निवला. जहाज एका बेटापासून लांब उभं राहिलं. आत पाणी उथळ, त्यामुळं जहाजाच्या कुशीतलं दार उघडून तिथून छोट्या होड्यांत उतरायचं होतं. होडी लाटेबरोबर वर यायची, खाली जायची. ती वर आली की दोन खलाशी माणसाला दंडाला धरून पलीकडं ठेवायचे. मुलींना गंमत वाटत होती. आमची पाळी आली आणि आबा मागं सरले. चेहरा उतरला होता.

"त्या होडीत मी न्हाय बसायचा," ते म्हणाले. "तुमी जावा. मी हितंच थांबतो."

खलाशांनी आग्रह केला, नवऱ्यानं समजूत घातली. ते मान हलवत राहिले. शेवटी नवरा मुलींना घेऊन गेला आणि मी मागं राहिले. तू जा, माझ्यापायी राहू नको, असं आबा दोन-तीनदा म्हणाले. मी गेले नाही.

जहाज रिकामं झालं. आम्ही वर डेकवर सावलीत जाऊन बसलो. आदल्या दिवशी एवढ्या हलत्या जहाजावर ज्याला काही वाटलं नाही तो माणूस एका होडीला का भ्यावा, हे मला कळत नव्हतं. मी सरळ विचारलं. त्यांनी दशम्यांची पुरचुंडी सोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. मग सांगू लागले.

मी पाळण्यात होते त्या वर्षीची गोष्ट. कोकणातून परत येताना वाटेत एक मोठी खाडी लागायची. सगळे कळप तरीतून पलीकडं जायचे. तर म्हणजे मोठी रुंद होडी, तीत मेंढरं दाटीनं उभी करायची. त्या दिवशी मधल्या धारेत मेंढरं कशाला तरी बुजली आणि सगळी एका अंगाला झाली. होडी कलली आणि उलटली. आबांना पोहता येत नव्हतं. ते मेंढरांच्या खाली सापडले. वर यायला बघावं तर डोक्यावर लोकर आणि खूर. एका कोळ्यानं त्यांना केसांना धरून बाहेर ओढलं. काही मेंढरं वाहून गेली. चुलतभाऊ कसाबसा पोहून निघाला. दोघांनी ठरवलं की घरी सांगायचं नाही. कळलं असतं तर आईनं पुन्हा जाऊ दिलं नसतं, आणि गेल्याशिवाय घर चालणार नव्हतं. मेंढरं रोगानं गेली असं त्यांनी घरी सांगितलं.

"त्या सालापासनं मी तरीत पाय न्हाय ठेवला," आबा म्हणाले. "खाडीला वळसा घालून यायचो. डोंगराच्या अंगानं, चढ-उतार लई. समदी फुडं निघून जायाची. आमी म्हागं."

मी विचारलं, "म्हणून तुमी उशिरा यायचा?"

"म्हणून. दुसरं काय असनार?"

"आईला कधी सांगितलं न्हाय?"

"मेंढरं इकली तवा सांगितलं. रडली. मला शिव्या बी दिल्या." ते थोडं हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

मला ओट्यावर उभी राहिलेली आई आठवत होती, आणि त्या बाईचं बोलणं. ते मी आबांना सांगितलं नाही. एवढंच विचारलं की पाण्याचं इतकं भ्या होतं तर माझ्याबरोबर आलातच कशाला.

"तू चला म्हनलीस," ते म्हणाले. "आन् ही काय होडी वाटत न्हाय. वस्तीच हाय ही."

संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच होतो. वाढप्यानं चहा आणून दिला. मध्येच आबांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि झोप लागल्यावर तो तसाच राहिला.

दुसऱ्या सकाळी दुसरं बेट. मी त्यांना काहीच म्हटलं नाही. मुलींना घेऊन खाली दारापाशी गेले तर आबा मागं उभे. जाकिटाच्या नाड्या त्यांनी दोनदा तपासल्या. "तू आधी जा. पलीकडं उभी राहा," असं मला म्हणाले. मी उतरले आणि हात पुढं केला. त्यांनी डोळे मिटले. खलाशांनी त्यांना उचलून जवळजवळ माझ्या अंगावरच ठेवलं. किनाऱ्यापर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही आणि डोळेही उघडले नाहीत. धाकटी त्यांना सांगत राहिली, आबा, अजून थोडं, आबा, तळ दिसायला लागला.

बेटावर पाणी इतकं निवळ आणि उथळ होतं की आबा धोतर वर खोचून त्यात मांडी घालून बसले. पाणी पोटापर्यंत. मुली त्यांच्या डोक्यावर ओंजळीनं पाणी ओतत होत्या आणि ते ओतू देत होते. काचेच्या तळाच्या होडीतून मासे बघायला सगळे गेले, तेव्हा मात्र ते उठले नाहीत. जहाजावर परत जायला एक होडी हायच की, तेवढी बास झाली, असं म्हणाले.

शेळगावला परतल्यावर त्यांनी लोकांना काय सांगितलं ते भावजयीकडून कळलं. तिन्ही वक्ताला भात, आणि माणसं गुणाची. होडीचं काही सांगितलं नाही.

पण त्या हिवाळ्यापासून आबा अधूनमधून एकटेच एसटीनं बारामतीला यायला लागले. त्याआधी बोलावल्याशिवाय ते कधी आले नव्हते. बँकेत बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचे, माझं काम संपेपर्यंत. काय काम काढलं, असं विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाय. आलो." घरी आल्यावर चहा प्यायचे आणि मला माझ्या लहानपणाचं विचारायचे. पहिलीला मास्तर कोण होते, गोवर आला तेव्हा रात्री कोण जागलं, शाळेच्या वाटेवर कुत्रं मागं लागायचं का. मी आठवेल तसं सांगायचे. ते मध्ये बोलत नसत, फक्त मी थांबले की म्हणायचे, "मग?"

काही वर्षांनी ते आजारी पडले. दवाखान्यातही मी रोज थोडं थोडं सांगत राहिले. तोवर माझ्या सांगण्यात हायस्कूल सुरू झालं होतं.