कंसातल्या टाळ्या

टाळ्याबाईंनी स्वतः आयुष्यात क्वचितच टाळ्या वाजवल्या असतील. पण छत्तीस वर्षं सभागृहात बसून पुढाऱ्यांची भाषणं लघुलिपीत उतरवताना त्यांनी कंसात ‘टाळ्या’ इतक्यांदा लिहिलं, की नावच पडलं. निवृत्तीनंतर त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसत आणि प्रबंध लिहून घायकुतीला आलेल्यांना फुकट शिकवत.

तिथे एक नर्स आली. रुग्ण पलंगावरून का पडतात, हा तिचा विषय. प्रबंध दोनदा परत आलेला. तिसऱ्यांदा आला असता तर नोंदणी रद्द आणि चार वर्षांची मेहनत पाण्यात.

बाईंनी तिच्यापुढे एका मंत्र्याचं जुनं भाषण टाकलं. “सिस्टर, प्रत्येक कंसाच्या आधीचं वाक्य वाचा.”

“‘हे सारं जग जाणतं.’ टाळ्या. ‘यात शंकेला जागाच नाही.’ टाळ्या.”

“आकडा कुठे आहे?”

“पान सातवर. तिथे कंसच नाही, बाई.”

“कसा असेल? आकडे ऐकून माणसं जांभया देतात. पुरावा संपला की वक्ता थांबतो, पाणी पितो आणि टाळ्यांची वाट बघतो. आता तुमचा प्रबंध काढा.”

मग बाईंची पेन्सिल सुसाट सुटली. ‘परिचारिका हा रुग्णसेवेचा आत्मा आहे’ याच्या शेजारी समासात (टाळ्या). ‘हे सर्वश्रुत आहे’, पुन्हा (टाळ्या). एका पानावर तर (प्रचंड टाळ्या).

नर्स रडकुंडीला आली. “अहो बाई, पण हे सगळं खरं आहे.”

“असेल की. पुढारीसुद्धा अधूनमधून खरं बोलतात. तुम्ही मोजलंत का?”

नर्सने मोजलं. पडलेल्या चौपन्न रुग्णांपैकी एकतीस जणांचा हात घंटेच्या बटणापर्यंत पोचतच नव्हता. प्रबंधातून आत्मा गेला, बटण आलं आणि प्रबंध मंजूर झाला.

बांधणीला देण्याआधी ऋणनिर्देश तेवढा राहिला होता. तिने लिहिलं, ‘बाई नसत्या तर मी घडलेच नसते.’ बाईंनी शेजारी शांतपणे (टाळ्या) लिहून कागद परत दिला.

दुसऱ्या दिवशी ती नवा कागद घेऊन आली. ‘माझ्या पहिल्या खर्ड्यात बिनपुराव्याची एकशे त्रेसष्ट विधानं होती. ती सगळी बाईंनी दाखवून दिली.’

“पुरावा?”

नर्सने पिशवीतून तो जुना खर्डा काढला. एकही पान तिने टाकलं नव्हतं. बाई एकेका कंसावर बोट ठेवून मोजत शेवटच्या पानापर्यंत गेल्या. मग चष्मा काढून पदराने पुसू लागल्या, तो काही केल्या स्वच्छ होईना.

“एकशे चौसष्ट,” त्या शेवटी म्हणाल्या. “दुरुस्त करा.”